आजी-आजोबांच्या तोंडून गावाचा इतिहास कसा गोळा करायचा: मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांसाठी सविस्तर पद्धत

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन होतं, पाहुणे येतात, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही लढ्यातल्या नेत्यांची नावं घेतली जातात, टाळ्या होतात आणि पोरं घरी जातात. त्यातल्याच एखाद्या नववीच्या पोराला विचारा की बाबा, तुझ्या स्वतःच्या गावात १९४८ ला काय झालं होतं, तर त्याला सांगता येत नाही. यात पोराचा काही दोष नाही, पुस्तकात हैदराबाद संस्थानावर पानभर मजकूर असतो, त्यात त्याचं गाव कुठून बसणार. त्यात आपल्याकडं अजून एक अडचण अशी की निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चालायचा, त्याच्यामुळं त्या काळाचे कागद उर्दूत, काही मोडीत, आणि बरेचसे हैदराबादला. साध्या माणसाच्या तोंडचा, मराठीतला इतिहास अजूनही ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडंच आहे, आणि ती माणसं दरवर्षी कमी होत चाललीत.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि पोरांना मुलाखती घ्यायला पाठवतो. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथं सगळी लिहितोय, शाळेच्या उपक्रमाला चालेल, कॉलेजच्या फिल्ड प्रोजेक्टलाही चालेल. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पोरं मुलाखतीतून भाषण घेऊन येतात. म्हाताऱ्या माणसालाही माहीत असतं की शाळेतून आलेत म्हणजे काय ऐकायचंय, मग तो १७ सप्टेंबरला ऐकलेलंच परत ऐकवतो. आपल्याला भाषण नकोय, त्या माणसानं स्वतः काय बघितलं ते पाहिजे. खालची सगळी मेहनत त्याच्यासाठीच आहे.

विषय बारीक करा, अजून बारीक करा

"मराठवाडा मुक्तिसंग्राम" हा विषय पोरांना देऊ नका. एवढ्या मोठ्या विषयावर पोरगं काय विचारणार आणि आजोबा काय सांगणार. त्याच्याऐवजी असं द्या की आपल्या गावातून सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात कोण गेलं होतं आणि मागं त्यांच्या घरच्यांचं काय झालं. किंवा गावाजवळ करोडगिरीचा (जकातीचा) नाका होता का आणि तिथून माल कसा न्यायचे. किंवा लेव्हीची (सरकारला सक्तीनं द्यायची) ज्वारी कोण मोजून न्यायचं. किंवा हाली पैसा (निजामाचं नाणं) जाऊन कलदार (भारतातला रुपया) आला तेव्हा बाजारात हिशेब कसा जमवायचे (सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता, हे पोरांना आधी सांगून ठेवा, म्हातारे हिशेब सांगायला लागले की पोरं गोंधळतात).

आणि इतिहास म्हणजे फक्त १९४८ असं धरून बसू नका. आपल्याकडं विषय लई आहेत. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, पाझर तलाव, सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी. पैठण, गंगापूर, शेवगावच्या बाजूला जायकवाडीत उठलेली गावं, धरणाची पायाभरणी १९६५ ची आणि उद्घाटन १९७६ चं, म्हणजे घर सोडलेली माणसं अजून सापडतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि त्याच्यानंतर नव्या जागेवर वसलेली ५२ गावं. बीड, धारूर, पाटोद्याकडची ऊसतोड, पहिली उचल (आगाऊ पैसे) कुणी घेतली, तेव्हा मुकादम कोण होता, लेकरं कुणाकडं ठेवली. मीटरगेजची गाडी. गावातला आड कधी बुजवला आणि नळ कधी आला. पाण्याचा विषय तर प्रत्येक गावात निघतो आणि त्यातून जात, बायकांचे कष्ट, राजकारण सगळं आपोआप बाहेर येतं, कारण कुणी कुठल्या आडावर पाणी भरायचं हे ठरलेलं असायचं.

एका गटाला एकच विषय आणि एका गटात तीनच पोरं. एक बोलणार, एक रेकॉर्डिंग बघणार, एक वहीत टिपणार. पाच जण गेले की आजी बुजते.

जायच्या आधीचा अभ्यास

हा भाग सगळे उडवतात आणि मग मुलाखत वाया जाते. चार दिवस पुरतात, पण करा.

पहिलं काम म्हणजे तारखांची पट्टी. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, आडवी रेघ मारा आणि राज्याच्या घटना टाका. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेस आणि वंदे मातरम् चळवळ. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला पण आपण नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या (यालाच पोलीस अॅक्शन म्हणतात), आपल्या धाराशिवच्या बाजूनं सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आल्या, आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९७२ चा दुष्काळ. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंतचा नामांतराचा काळ, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा लढा. १९९३ चा भूकंप. ही झाली वरची बाजू. रेघेच्या खालची बाजू मोकळी ठेवा, तिथं गावाच्या घटना येणार आहेत: शाळेची इमारत, लाईट, पहिली एसटी, पहिला बोअर, मोठा पूर, कॉलरा, मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार, जे काय असेल ते.

ही पट्टी एवढी का लागते, तर जुन्या माणसाला साल सांगता येत नाही. तुम्ही "कोणत्या साली लग्न झालं" विचारलं की आजी गप्प बसते किंवा अंदाजे काहीतरी सांगते. "दुष्काळाच्या आधी का नंतर?" विचारलं की लगेच सांगते, "खडीवर होतो तवा थोरला पोटात होता". झालं की साल पक्कं. भूकंप झाला तेव्हा नातू केवढा होता, पहिली गाडी गावात आली तेव्हा तुमचं लग्न झालेलं होतं का, असं जोडत जोडत जायचं.

दुसरं, फसली सन, म्हणजे निजामाच्या सरकारी कागदांवरचं वर्ष. जुन्या कागदावर १३५७ असं काहीतरी दिसतं आणि पोरांना वाटतं शिवाजी महाराजांच्याही आधीचा कागद सापडला. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवायचे, साधारण इसवी सन येतो. ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

तिसरं, जुनी नावं आणि जुने जिल्हे. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. संस्थानात मराठी जिल्हे पाचच होते, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादमध्ये. उदगीरचे आजोबा "कोर्टाच्या कामाला बिदरला जायचो" म्हणले की पोरांनी चकित होऊन बघत बसू नये, म्हणून हे आधी सांगायचं.

वाचायला जिल्ह्याचं गॅझेटियर आणि १९६१ च्या जनगणनेचं जिल्हा पुस्तक बघा, त्यात गावाची लोकसंख्या, बाजाराचा वार असं सापडतं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर तर हाताशीच असतं, गावात शाळेत पहिल्यांदा मुलगी कधी आली हे त्याच्यातच लिहिलेलं असतंय.

कुणाकडं जायचं

हिशेब करा. १९४८ ला जो दहा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशी ओलांडून गेलाय. म्हणजे आता जे भेटतात ते तेव्हा लेकरं होते. त्यांना राजकारण विचारण्यात अर्थ नाही, ते विलीनीकरण वगैरे बोलायला लागले की समजा ते नंतर ऐकलेलं आहे. पण लेकरानं जे बघितलं ते कुणाच्याच पुस्तकात नाही. कुठं लपलो, काय खाल्लं, आई काय म्हणाली, शेजारचं कोण गाव सोडून गेलं, शाळा किती दिवस बंद होती, सैनिक दिसले तेव्हा भीती वाटली का मजा. १९७२ चं मात्र उलटं आहे, तेव्हा खडीवर राबलेले जाणते लोक अजून भरपूर आहेत, त्यांच्याकडं पूर्ण माहिती मिळते. म्हणून वेळ कमी असेल तर आधी ८५ च्या पुढची माणसं गाठा, बाकीचे पुढच्या वर्षीही भेटतील.

सरपंचाला किंवा हेडमास्तरला विचारलं की ते दोन-तीन ठरलेली नावं देतात, बहुतेक करून स्वातंत्र्यसैनिकांच्या घरची किंवा जुनी पाटील-देशमुखांची. त्यांच्याकडं जाच, पण तिथं थांबू नका. गावाचा नकाशा काढा, गल्ल्या मांडा आणि प्रत्येक गल्लीतून एक तरी माणूस घ्या. बौद्ध वस्ती, मातंग वस्ती, मुस्लिम मोहल्ला, तांडा, वडार वस्ती, सगळीकडून. आणि निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, ह्याच्यावर मी अडून बसतो. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारायचं, "हे अजून कुणाला माहीत असंल?" आणि त्या नावाकडं जायचं.

तांड्यावर जाणार असाल तर गटात तांड्यावरचं एक पोरगं घ्या, गोरमाटीत (बंजारा बोलीत) बोलायला लागली की याडी (आई) खुलते. मोहल्ल्यात दादीमा दखनी उर्दूत बोलणार, तिला मराठीत बोलायला लावू नका, तिथलीच एखादी मुलगी सोबत न्या.

पहिली भेट रेकॉर्डिंगची नाही

पहिल्या दिवशी मोबाईल खिशात. घरच्यांना भेटा, कुठल्या शाळेचे, कुणाचा तू, तुझा आजा कोण, हे सगळं होऊ द्या, आपल्याकडं त्याच्याशिवाय बोलणं पुढं जात नाही. चहा द्या म्हणले तर घ्या. ज्या घरी काही घेतलं नाही तिथं मनात काय येतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि पोरांच्या घरून "तिथं काही खाऊ नको" असं सांगून पाठवलेलं असेल तर मास्तरनं आधीच पोराशी आणि पालकांशी स्पष्ट बोलावं.

मग साध्या शब्दांत सांगा की आम्ही काय करणार, रेकॉर्डिंग कुठं ठेवणार, कोण ऐकणार. परवानगी घ्यायची आणि ती कागदावर सही किंवा अंगठा अशी घ्या, शिवाय रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडीपण घ्या. कागदावर चार गोष्टी पुरे आहेत: नाव लावायचं का नाही, शाळेच्या बाहेर ऐकवायचं का नाही, फोटो चालतो का, आणि नंतर काही भाग काढून टाका म्हणलं तर काढू असं आमचं वचन. अंगठा घ्यायच्या आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवा. एक सांगून ठेवतो, पेन्शन किंवा योजनेसाठी आलेत असं लोकांना वाटतं, नाव लिहून घेतलं की म्हातारी माणसं आशेनं बघतात. यातून कुठला पैसा मिळणार नाही हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

वेळ ठरवताना शेतीचं बघा. सोयाबीनच्या राशी चालू असताना घरात कुणाला सवड नसते. ऊसतोडीची माणसं गाठायची तर दसऱ्याच्या आधी नाहीतर पाडव्यानंतर, मधल्या काळात घराला कुलूप. बायकांना दुपारी दोन ते चार मोकळं असतं, पुरुष माणसं सकाळी लवकर.

प्रश्न

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. पोरं प्रश्नावली लिहून आणतात आणि त्यात हमखास असतं, "मुक्तिसंग्रामाबद्दल आपले मत काय?" एकाच आजीला दोन पद्धतीनं विचारलं तर काय होतं ते बघा (रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना).

"आजी, मुक्तिसंग्रामाबद्दल तुमचं मत काय?"
"लई तरास व्हता बाबा. सवतंत्र भेटलं, चांगलं झालं."

संपलं. आता दुसरी पद्धत.

"आजी, रझाकार यायलेत असं कळलं की घरातले कुठं जायचे?"
"शिवारात. जवारी उभी व्हती, माणूस दिसत नव्हता त्याच्यात."
"तुम्ही चालत गेलात?"
"मी मायच्या कडंवर. भाऊ चालत. माय मनायची वरडू नगं."
"घरातलं सामान?"
"भांडे पेवात उतरविले. वरून माती वढली."
"पेव कुठं होतं?"
"ह्ये काय, तू बसलास त्याच्या मागं."

बघा, आता पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) सापडलं, महिना कळला कारण ज्वारी माणसाएवढी उभी आहे म्हणजे भादव्याच्या आसपासचे दिवस, आजी किती लहान होती ते कळलं, घर तेच आहे हे कळलं. प्रत्येक प्रश्न कुठं, कोण, काय, कसं असा आहे आणि छोटा आहे. "का" विचारायची घाई करू नका, "का" विचारलं की माणूस भाषणावर जातो.

प्रश्न लिहिताना त्या माणसाच्या तोंडचे शब्द घ्या. आजी मुक्तिसंग्राम म्हणत नाही, ती "रझाकाराच्या टायमाला" म्हणते, आजोबा "पोलीस अॅक्शन" म्हणतात, तर तुम्हीही तेच म्हणा. सुरुवात कायम बालपणापासून करा: घर कसं होतं, माळवदाचं का पत्र्याचं, घरात किती जण, स्वयंपाक कशावर, पाणी कुठून. पंधरा-वीस मिनिटं ह्याच्यात गेली तरी जाऊ द्या, माणूस तिथं मोकळा होतो. मग मुख्य विषय. शेवटी एक प्रश्न कायम ठेवा, "मी विचारायचं राहिलं असं काय आहे?" कधी कधी खरं बोलणं इथून सुरू होतं.

आणि हे पक्कं करून घ्या: प्रत्येक मोठ्या गोष्टीनंतर हळूच विचारायचं, "हे तुम्ही सोता बघितलंत का कुणाकडून ऐकलं?" उद्धटपणे नाही, नीट. वहीत समासात "ब" किंवा "ऐ" लिहायचं. ऐकलेलं टाकून द्यायचं नसतं, पण कुणाकडून ऐकलं ते लिहायचं. गावागावात एकच शौर्याची गोष्ट थोड्या फरकानं सांगतात, तेव्हा ह्या दोन अक्षरांचा उपयोग होतो.

प्रश्न कागदावर दहा-बाराच असू द्या आणि बोलताना कागद मांडीवर पालथा. आदल्या दिवशी वर्गात एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावा, मास्तरनं आजोबा बनायचं आणि मुद्दाम भरकटायचं, म्हणजे पोरं परत विषयावर आणायला शिकतात.

मोबाईल आणि आवाज

महागडं काही लागत नाही. साधा स्मार्टफोन आणि जमलं तर कॉलरला लावायचा छोटा माईक. रेकॉर्डिंग अॅपमध्ये वेव्ह फॉरमॅट असेल तर तो निवडा, एका तासाला साधारण ३०० एमबी जागा जाते. जागा नसेल तर एमफोरए चालेल, ६० एमबीच्या आसपास बसतं. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल आला की बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि कळत पण नाही. दुसऱ्या फोनवर पण एकाच वेळी रेकॉर्ड करा.

फोन माणसापासून हातभर अंतरावर, खाली दुमडलेला टॉवेल. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका, पंख्यानं सगळं खराब होतं, पण उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्रास होऊ देऊ नका, सकाळची वेळ घ्या. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो, मग बाहेर लिंबाखाली बसा. टीव्ही, पिठाची गिरणी, कुकरची शिट्टी हे आधी बघून घ्या. सुरुवातीला एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. मग तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे बोलून घ्या आणि सुरू करा.

व्हिडिओ शक्यतो नको. कॅमेरा लावला की आजी नवं लुगडं नेसून ताठ बसते आणि परत भाषण. फोटो शेवटी काढा, जुन्या वस्तूंचेपण काढा, जातं, हाली नाणं, जुना कागद.

मुलाखत चालू असताना

गप्प बसायला शिका, हे पोरांना सगळ्यात जड जातं. आजोबा थांबले की पोरगं लगेच पुढचा प्रश्न टाकतं. मनात दहा मोजायचे. तो माणूस आठवत असतो. "हो हो" पण तोंडानं म्हणायचं नाही, मान हलवायची, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये तेच ऐकू येतं.

घरातली तरणी माणसं मधे बोलतात, "अगं तसं नाही, तू विसरलीस". बायकांच्या मुलाखतीत तर मुलगा नाहीतर नवरा सगळी उत्तरं देतो. यावर माझ्याकडं एकच उपाय आहे, गटात दोन मुली पाठवायच्या आणि त्यांनी आजीजवळ चुलीपाशी बसायचं, आणि गटातल्या एका मुलानं काकांना बाहेर ओट्यावर वेगळं काहीतरी विचारत बसायचं. आजीला ओव्या आठवतात का विचारा, जात्यावरच्या ओवीत दुष्काळ येतो, सासर-माहेर येतं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर येतात, आणि जी गोष्ट ती बोलून सांगणार नाही ती गाऊन सांगते.

आजोबांकडं उर्दू कागद असेल आणि त्यांना वाचता येत असेल तर रेकॉर्डिंग चालू ठेवून त्यांनाच वाचायला लावा आणि अर्थ सांगायला लावा. उर्दूतून शिकलेल्या त्या पिढीतली माणसं आता मोजकी आहेत. कागद घरी नेऊ नका, तिथंच फोटो काढा आणि परत द्या, आजकाल निजामकाळातल्या कागदांची किंमत सगळ्यांना कळलीय आणि गहाळ झाला तर शाळेचं नाव जाईल.

पाऊण ते एक तासात थांबा. ऐंशी-पंच्याऐंशीचं माणूस दमतं. परत येतो म्हणून सांगा आणि खरंच परत जा, दुसऱ्या भेटीत जास्त मिळतं.

दुखऱ्या गोष्टी

हे टाळून चालणार नाही. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे लोक सांगतात. पोलीस अॅक्शननंतर आपल्याच भागात मुसलमानांवरही मोठा अत्याचार झाला, पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं तेव्हा केंद्र सरकारला अहवाल दिला होता, त्यात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही. गावात दोन्हीकडच्या आठवणी आहेत. एकाच गावातल्या पोरांनी दोन्ही ऐकाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण एकच बाजू ऐकलेलं पोरगं उद्या ती बाजू घेऊन भांडतं. तसंच १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, ते बघितलेली माणसं तर अजून साठी-सत्तरीतच आहेत.

इथं नियम कडक ठेवा. शाळेच्या पोरांनी "कुणी केलं" हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांची नातवंडं त्याच वर्गात बसतात. सांगणाऱ्यानं स्वतःहून नाव घेतलं तर लिहून काढताना ते झाकायचं आणि मूळ रेकॉर्डिंग मास्तरच्या ताब्यात ठेवायचं. आपलं काम तपास करणं नाही. कसं जगलो, कुणी लपवलं, कुणी भाकरी दिली, परत कधी आलो, हे विचारायचं. शेजाऱ्यानं वाचवल्याच्या गोष्टी दोन्हीकडं निघतात, त्या नीट टिपा.

किल्लारीच्या बाजूला भूकंपाचा विषय घेताना मेलेल्या माणसांपासून सुरू करू नका. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, लोक उशिरा झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला घरं कोसळली, हे सगळ्यांना माहीत आहे. जुनं गाव कसं होतं, कुणाचा वाडा कुठं, पार कुठं, तिथून सुरू करा, जमलं तर त्यांच्यासोबत जुन्या गावठाणात फिरा. मग पत्र्याच्या शेडमधले दिवस, नवीन घर, गल्ल्या बदलल्यावर शेजार कसा तुटला. पुढचं त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. माणूस रडायला लागलं तर रेकॉर्डिंग बंद करा, पाणी द्या, बसून राहा. लगेच उठून पळायचं नाही. आणि त्या संध्याकाळी पोरांशी पण बोला, पंधरा वर्षांच्या पोराला ते ऐकून झोप लागत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी

फाईलला नाव द्या: गाव, माणसाचं नाव, तारीख, भाग. "नवीन रेकॉर्डिंग ७" असं ठेवलं तर महिन्यानं कुणालाच कळत नाही. तीन कॉपी करा, एक शाळेच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राईव्हवर, एक गुगल ड्राईव्हवर. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग आठवण ताजी असताना मिनिटांची यादी करा. उदाहरणार्थ, ४ मिनिटं: घर, माळवद, बळद (घरातली धान्य साठवायची जागा). ११: शिवारात लपणं (ब). १६: पेव, भांडी (ब). २३: मामा सरहद्दीवर कॅम्पात (ऐ, आईकडून). ही यादी असली की शब्द न् शब्द लिहून काढला नाही तरी काम अडत नाही.

लिहून काढायला एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास तरी लागतात, म्हणून सगळं न लिहिता महत्त्वाची वीस मिनिटं निवडा आणि गटात वाटून घ्या. बोलून टाईप करायचं मशीन आपल्याकडची बोली नीट पकडत नाही, त्याच्यावर सोडून देऊ नका. आणि भाषा सुधारू नका. आजी "व्हतं" म्हणली तर "व्हतं" लिहा, "कामून" म्हणली तर "कामून" लिहा. शुद्धलेखनाचे मार्क इथं नाहीत. कळलं नाही तिथं टिंबं द्या, अंदाजानं भरू नका.

पडताळा

एकाच गोष्टीवर तीन तरी माणसांचं बोलणं शेजारी शेजारी मांडा. कुठं जुळतं, कुठं नाही. मग कागद: १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक (जमिनीची सरकारी नोंद), शाळेचं रजिस्टर, ग्रामपंचायतीचे जुने ठराव, देवळावरचे शिलालेख, हुतात्मा स्मारकावरची नावं. गाव जुळत नसेल तर जुना तालुका-जिल्हा तपासा. छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे, कॉलेजच्या पोरांनी तिथं एक चक्कर मारावी.

म्हाताऱ्या माणसाची तारीख चुकली म्हणून त्याला खोटं ठरवू नका आणि त्याच्यासमोर तर दुरुस्त करूच नका. सैन्य कुठल्या तारखेला आलं हे कागदावर मिळतं. सैन्य आलं तेव्हा चूल विझवून बसलो होतो हे कागदावर मिळत नाही. दोन माणसं एकमेकांच्या उलटं सांगत असतील तर दोन्ही लिहा आणि कोण कुठल्या गल्लीत राहायचं तेही लिहा, बऱ्याचदा फरक तिथूनच आलेला असतो.

परत द्यायचं

ज्यांनी सांगितलं त्यांना आधी वाचून दाखवा. छापायच्या आधी, भिंतीवर लावायच्या आधी, १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात बोलायच्या आधी. एखादं वाक्य काढा म्हणले तर काही न विचारता काढा. घरच्यांना रेकॉर्डिंगची कॉपी पेनड्राईव्हवर नाहीतर फोनमध्ये टाकून द्या.

कार्यक्रमात पोरांनी वाचावं, ज्यांचं आहे त्या आजी-आजोबांना पहिल्या ओळीत खुर्ची द्यावी आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण त्याच्यानंतर ठेवावं. तारखांची ती पट्टी व्हरांड्यात लावा, खालची बाजू आता भरलेली असेल, येणारे-जाणारे थांबून त्यात भर घालतात आणि पुढच्या वर्षीची नावं तिथंच मिळतात. शाळेच्या कपाटात एक वही ठेवा, त्यात प्रत्येक मुलाखतीचा नंबर, माणसाचं नाव, विषय, परवानगी कशाची आहे आणि फाईल कुठं आहे एवढं लिहा, आणि मास्तरची बदली झाली तर चार्ज देताना ती वही आणि पेनड्राईव्ह नवीन मास्तरच्या हातात सही घेऊन द्या.